सव्हानाच्या डाउनटाउनमध्ये दोन दिवस, कमी खर्चात

प्रश्न असा आहे: अटलांटाहून शनिवार-रविवार गाडीने, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्याच सव्हानाला जायचं आहे. बरोबर भारतातून आलेले आई-बाबा आहेत, एक शाळकरी मूल आहे, घरात दोघं शाकाहारी आहेत. डाउनटाउन बघायचं आहे, पण चौघा-पाच जणांची तिकिटं काढत बसलं तर खर्च हाताबाहेर जातो. फुकटात किंवा थोडक्या पैशांत नेमकं काय करता येईल?

सव्हानात बघण्यासारखं जे सगळ्यात मोलाचं आहे त्याला तिकीटच नाही. शहराची आखणी, म्हणजे ते चौक, हीच इथली मुख्य गोष्ट. पैसे जातात ते पार्किंग, पर्यटकांना गाव फिरवणारी ट्रॉली बस आणि डाउनटाउनमधलं हॉटेल या तीन गोष्टींवर. या तिन्हींची सोय आधीच लावली, तर दोन दिवसांत एका चांगल्या तिकिटावर आणि खाण्यावर मोकळ्या हाताने खर्च करता येतो.

आधी गाडीचं बघा. डाउनटाउनमध्ये रस्त्यावरच्या पार्किंगला सोमवार ते शनिवार सकाळी ८ ते रात्री ८ पैसे पडतात, रविवारी मीटर बंद असतं. त्यामुळे जमत असेल तर जास्त चालण्याचा दिवस रविवार ठेवा. शनिवारी गाडी घेऊन नदीकाठाकडे जाऊ नका. बे स्ट्रीटच्या आसपास जागा शोधण्यात अर्धा तास सहज जातो आणि शेवटी खासगी लॉटमध्ये शिरावं लागतं. फोर्साइथ पार्क या मोठ्या बागेच्या आजूबाजूच्या निवासी गल्ल्यांत गाडी लावणं सोयीचं, पण तिथली पाटी नीट वाचा. रस्ता झाडण्यासाठी आठवड्यातल्या ठरावीक दिवशी, ठरावीक तासांत गाडी हटवावी लागते आणि तो दिवस रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळा असू शकतो. दंड होतो तो पुष्कळदा मीटरमुळे नाही, या पाटीकडे दुर्लक्ष केल्यामुळे. मुक्काम डाउनटाउनमध्ये असेल तर खोलीच्या भाड्याबरोबर हॉटेलच्या पार्किंगचा रोजचा आकडाही विचारून घ्या. मोठ्या हॉटेलांत तो रात्रीला ४०-५० डॉलरपर्यंत जातो. शिवाय जॉर्जियात प्रत्येक रात्रीमागे ५ डॉलर राज्याचं शुल्क आणि वर कर लागतो. पूलर हे गाव आंतरराज्य महामार्ग ९५ आणि १६ यांच्या जवळ, विमानतळाच्या बाजूला आहे. डाउनटाउनपासून गाडीने वीसेक मिनिटं. तिथे साध्या साखळी हॉटेलांत पार्किंग फुकट आणि सकाळचा नाश्ता बहुधा भाड्यातच असतो. दोन रात्रींचा फरक काढला की पूलरला राहणं परवडतं हे लक्षात येईल. सेंट पॅट्रिक्स डे, म्हणजे १७ मार्चच्या आसपासचे दिवस मात्र पूर्ण टाळा. तेव्हा सगळ्या गावाचे दर चढलेले असतात आणि गर्दीत आई-बाबांना चालणं अवघड होतं.

एकदा गाडी लावली की तिला हात लावायची गरज नाही. डाउनटाउनमध्ये ‘डॉट’ नावाची शहराची फुकट बस फिरते आणि नदीवर ‘सव्हाना बेल्स’ नावाची फेरी चालते, तीही फुकट. ना तिकीट, ना आधी नोंदणी. थांब्यावर उभं राहायचं आणि चढायचं. दोन्हींचं वेळापत्रक त्या दिवसाचं बघून घ्या, रविवारी आणि रात्री फेऱ्या कमी असू शकतात. ट्रॉलीच्या फेऱ्यांचं तिकीट माणशी चाळीस डॉलरच्या आसपास असतं. पाच जणांचे दोनशे डॉलर. ज्यांना अजिबात चालवत नाही त्यांच्यासाठी ते ठीक आहे. बाकीच्यांना त्यात चौक नुसते खिडकीतून पळताना दिसतात, आणि चौक हे बसण्यासाठीच आहेत.

आता त्या चौकांबद्दल जरा सविस्तर, कारण हे समजलं की फिरण्याची मजाच बदलते. जेम्स ओगलथॉर्प या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १७३३ मध्ये हे गाव वसवलं आणि पहिल्या दिवसापासून एकच नमुना पुन्हा पुन्हा वापरला. मध्ये मोकळा चौक. त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला घरांचे प्लॉट, चार गटांत प्रत्येकी दहा, म्हणजे चाळीस घरं. पूर्वेला आणि पश्चिमेला चार मोठे प्लॉट, चर्च किंवा सार्वजनिक इमारतींसाठी राखीव. हा एक वॉर्ड झाला. गाव वाढलं की शेजारी तसाच दुसरा वॉर्ड. असे १८५१ पर्यंत २४ चौक झाले, त्यांतले २२ आज शिल्लक आहेत. कुठल्याही चौकात उभं राहून ही रचना ओळखता येते: पूर्व-पश्चिमेला बघितलं तर चर्च, संग्रहालय, मोठा वाडा, आणि उत्तर-दक्षिणेला घरांच्या रांगा. मुलाला हे एका चौकात दाखवा, पुढच्या चौकात ते स्वतः ओळखेल.

२२ चौक एका दिवसात उरकायच्या मागे लागू नका. सातव्या-आठव्या चौकानंतर सगळे सारखे वाटू लागतात आणि पाय दुखतात. बुल स्ट्रीट नावाचा रस्ता गावाच्या मधोमध दक्षिणोत्तर जातो. फोर्साइथ पार्कपासून नदीजवळच्या सिटी हॉलपर्यंत त्यावर पाच चौक आहेत. पार्कमधल्या कारंज्यापासून सिटी हॉलपर्यंतचं अंतर दोन किलोमीटरच्या आत. हाच मुख्य रस्ता धरा आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे चाला. सकाळी निघालात तर ऊन डोळ्यांवर येत नाही, रस्त्यात दर दोन-तीन मिनिटांनी सावलीतला बाक मिळतो, आणि शेवटी नदीकाठी पोचून डॉट बसने परत येता येतं. उलट गेलात तर दमलेल्या पायांनी उन्हाकडे तोंड करून यावं लागतं.

रस्ता ओलांडताना एक गोष्ट आई-बाबांना निघायच्या आधीच सांगा. चौकाभोवती वाहनं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. बाहेरून चौकात शिरताना गाडी डावीकडून येते, चौकातून बाहेर पडताना उजवीकडून. भारतातल्या सवयीने आपण आत शिरताना उजवीकडे बघतो आणि चुकतो. ओगलथॉर्प आणि लिबर्टी हे दोन रस्ते रुंद आहेत, तिथे सिग्नलवरच ओलांडा.

सुरुवात फोर्साइथ पार्कमध्ये. तीस एकरांची ही बाग आहे, उत्तर टोकाला १८५८ मध्ये बसवलेलं पांढरं कारंजं. सकाळी नऊच्या आत गेलात तर फोटोला माणसांची गर्दी येत नाही. शनिवारी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळात बागेच्या दक्षिण टोकाला शेतकरी बाजार भरतो. मोसमात पीच, टोमॅटो, भेंडी, मध, ताजा पाव मिळतो. दुपारच्या जेवणाचं फळं-पावाचं सामान इथूनच घ्या. गावाबाहेर न जाता किराणा हवा असेल तर बागेच्या पूर्वेला ग्विनेट स्ट्रीटवर क्रोगर आहे. दही, केळी, पाण्याच्या बाटल्या तिथून घेतल्या तर नदीकाठच्या दुकानांतला दुप्पट भाव वाचतो. स्वच्छतागृह बागेत आहे, पुढचं एलिस स्क्वेअरमध्ये. मधल्या चौकांत नाही, तेव्हा निघतानाच जाऊन या.

बागेतून बाहेर पडलात की मॉन्टेरी स्क्वेअर. मधला स्तंभ काझिमिर पुलास्कीचा, पोलंडहून येऊन अमेरिकन क्रांतियुद्धात लढलेला आणि १७७९ च्या सव्हानाच्या वेढ्यात जखमी होऊन वारलेला सरदार. पुढचा मॅडिसन स्क्वेअर. त्याच्या पश्चिमेला ग्रीन-मेलड्रिम हाउस, जिथे अमेरिकन यादवी युद्धात, डिसेंबर १८६४ मध्ये, उत्तरेच्या सैन्याचा जनरल शर्मन याने मुक्काम टाकला आणि सव्हाना शहर नाताळची भेट म्हणून लिंकनला देत असल्याची तार केली. अटलांटा जाळून आलेल्या सैन्याने हे गाव जाळलं नाही, म्हणून ही घरं आज बघायला मिळतात. या चौकाच्या किंचित दक्षिणेला पश्चिमेकडे वळून जोन्स स्ट्रीटवर दोन गल्ल्या चालून या. विटांचा रस्ता, ओतीव लोखंडाचे कठडे, उंच जिन्यांची घरं. हे सगळं बाहेरूनच बघायचं आहे, कुणाच्या पायरीवर बसून फोटो काढू नका, तिथे लोक राहतात.

चिपेवा स्क्वेअरमध्ये ओगलथॉर्पचा पुतळा आहे, शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच, साल १९१०. पुतळ्याचं तोंड दक्षिणेला आहे, कारण त्याच्या काळात शत्रू म्हणजे फ्लॉरिडातले स्पॅनिश होते. राइट स्क्वेअरमध्ये जरा जास्त वेळ थांबा. इथे यामाक्रॉ जमातीचा प्रमुख तोमोचिची याला १७३९ मध्ये पुरलं. त्याच्या संमतीशिवाय हे गाव वसलंच नसतं. पुढे १८८३ मध्ये त्याच जागी एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाचं भलंमोठं स्मारक उभारलं गेलं. तोमोचिचीसाठी नंतर कोपऱ्यात एक ग्रॅनाइटचा मोठा दगड बसवला. गाइड घेतला नाही तर हा दगड नजरेतून सुटतो. चौकाच्या आग्नेय भागात शोधा. शेवटचा जॉन्सन स्क्वेअर, गावातला पहिला.

झाडांवरून लोंबणारे करडे झुपके, म्हणजे स्पॅनिश मॉस, सगळ्यांनाच तोडून घ्यावेसे वाटतात. ही शेवाळ नाही, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. ती झाडाचा रस शोषत नाही, हवेतल्या ओलाव्यावर जगते. जमिनीवर पडलेले झुपके उचलू नका. त्यांत चिगर नावाचे अतिसूक्ष्म किडे असू शकतात, आणि त्यांच्या चावण्याची खाज आठवडाभर जात नाही.

बुल स्ट्रीट सोडून दोनच वळणं घ्या. पहिलं, लाफायेट स्क्वेअरवरचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट कॅथीड्रल. १८९८ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेलं, आत ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकहून आणलेल्या रंगीत काचा. तिथे काही डॉलर देणगी अपेक्षित असते, टोपी काढायची, आणि प्रार्थना चालू असताना किंवा रविवारी पर्यटक म्हणून शिरता येत नाही. म्हणून हे शनिवारी बघा. दुसरं, तिथून जवळच कलोनियल पार्क सिमेट्री. १७५० ची जुनी दफनभूमी, प्रवेश फुकट, संध्याकाळी फाटक बंद होतं. १८२० च्या पीतज्वराच्या साथीत गेलेल्या सुमारे सातशे जणांचा फलक इथे आहे.

आता नदीकाठ. बे स्ट्रीटवरून खाली रिव्हर स्ट्रीटवर उतरायला जुने दगडी जिने आहेत. पायऱ्या उंच आणि विषम आहेत, पावसानंतर निसरड्या होतात. उतारावरचे रस्ते गोट्यांचे आहेत. जहाजं रिकामी येताना तोल सांभाळायला तळाशी दगड भरत, ते इथे उतरवून त्यांचेच रस्ते केले. बाबागाडी त्यावर चालतच नाही आणि गुडघे दुखणाऱ्यांना ते त्रासाचं आहे. सिटी हॉलच्या शेजारी हॉटेलाजवळ लिफ्ट आहे, ती वापरा.

बे स्ट्रीट आणि रिव्हर स्ट्रीट यांच्या मधल्या उंच इमारतींच्या रांगेला फॅक्टर्स वॉक म्हणतात. फॅक्टर म्हणजे कापसाचे अडते. खालून गाड्या यायच्या आणि वरच्या लोखंडी पुलांवर उभं राहून अडते कापसाची प्रत बघून भाव सांगायचे. या पुलांवर उभं राहिलात तर मुंबईशी असलेला धागा आठवावा. यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली, एप्रिल १८६२ मध्ये नदीच्या मुखावरचा फोर्ट पुलास्की पडला, आणि सव्हानाचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पोचणं जवळपास थांबलं. ती तूट खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या कापसाने भरून काढली. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरबाजार भडकला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. बॅक बेच्या भरावाची पहिली मोठी योजनाही त्यातच बुडाली. आई-बाबा मुंबईचे असतील तर ही पाच मिनिटं त्यांना कुठल्याही भुतांच्या सहलीपेक्षा जास्त आवडतील.

रिव्हर स्ट्रीटवरचा सर्वांत मोठा फुकट तमाशा म्हणजे कंटेनर जहाजं. सव्हाना हे अमेरिकेतल्या मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे आणि धक्के गावाच्या वरच्या अंगाला आहेत. त्यामुळे प्रत्येक जहाजाला या अरुंद पात्रातून, तुमच्या बाकापासून दगड टाकायच्या अंतरावरून जावं लागतं. चौदा-पंधरा मजली उंच कंटेनरांची भिंत आवाज न करता सरकत येते, समोरचा काठ झाकून टाकते, मागे-पुढे टगबोटी, आणि मग टॅलमॅज पुलाखालून निघून जाते. नशिबावर सोडू नका. जहाजांची जागा दाखवणारं कुठलंही फुकट अॅप फोनवर घ्या, नदीच्या मुखाशी आत वळलेलं जहाज दिसलं की साधारण दीड-दोन तासांत ते रिव्हर स्ट्रीटसमोर येतं. तेवढ्यात तुम्ही चौकातून खाली उतरू शकता. न्हावा शेवाहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला येणाऱ्या काही जहाजसेवा इथे थांबतात, तेव्हा अॅपमध्ये आधीची बंदरं बघणं मुलांना फार आवडतं.

फेरी संध्याकाळी घ्या, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी. सिटी हॉलजवळच्या धक्क्यावरून चढा, पलीकडे हचिन्सन बेटावर उतरा. पलीकडच्या काठावरून सिटी हॉलचा सोनेरी घुमट आणि अडत्यांच्या इमारतींची सगळी रांग एका नजरेत येते. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ जातानाच विचारून ठेवा, नाहीतर टॅक्सीने पूल ओलांडून यावं लागेल. होड्यांना सव्हानाच्या स्त्रियांची नावं आहेत, त्यांत सूझी किंग टेलर यांचं नाव नक्की बघा. गुलामीत जन्मलेल्या, युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीबरोबर परिचारिका आणि शिक्षिका म्हणून काम केलेल्या. पूर्वी गुलामगिरीच्या समर्थकाचं नाव असलेला एक चौकही आता त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

एकच तिकीट काढायचं असेल तर टेलफेअर संग्रहालयाचं काढा. माणशी तिशीच्या आसपास डॉलर, पण त्यात तीन वास्तू येतात: टेलफेअर अकॅडमी, जेप्सन सेंटर आणि ओवेन्स-थॉमस हाउस. तिकीट त्या दिवसापुरतंच नसतं, त्यामुळे दोन दिवसांत विभागून बघता येतं. दुपारी १२ ते ३ या उन्हाच्या वेळेसाठी वातानुकूलित जागा म्हणूनही हा हिशेब बरोबर बसतो. जेप्सनमध्ये लहान मुलांसाठी हाताळायच्या गोष्टी आहेत. ओवेन्स-थॉमस हाउसची वेळ ठरवून मिळते, म्हणून सकाळी पहिलं काम ती वेळ पक्की करणं. आर्किटेक्ट विल्यम जे यांनी १८१९ मध्ये पूर्ण केलेलं हे घर, आत नळाचं पाणी, वरच्या मजल्यावर दोन भागांना जोडणारा लाकडी पूल. पण बघायचं आहे ते अंगणाच्या मागचं गुलामांचं निवासस्थान. छताकडे मान वर करून बघा: ताक, चुना आणि नीळ वापरून केलेला निळा रंग अजून लाकडाला धरून आहे. भुतंखेतं दूर राहावीत म्हणून तो लावत. हे बघितलं की बाहेरचे सुंदर वाडे कुणाच्या श्रमावर उभे राहिले ते सांगावं लागत नाही. ओगलथॉर्पच्या काळात या वसाहतीत गुलामगिरीला बंदी होती. ती १७५१ मध्ये उठवली गेली.

खाण्याचं. दक्षिणेकडच्या पारंपरिक जेवणात शाकाहाऱ्यांची फसगत भाज्यांत होते. कॉलर्ड ग्रीन्स डुकराच्या हाडाबरोबर किंवा स्मोक्ड टर्कीत शिजवतात, बीन्समध्येही मांस असतं, रेड राइसमध्ये सॉसेज किंवा बेकन. ‘मांस आहे का’ असं विचारलं तर वाढणारी व्यक्ती वरच्या तुकड्यांचा विचार करून नाही म्हणते. ‘कशात शिजवलंय’ असं विचारा. ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या रव्याची मऊ खीरवजा लापशी, चीज घालून बहुतेक ठिकाणी चालते. फ्राइड ग्रीन टोमॅटोही चांगले, फक्त तेच तेल कोळंबीला वापरतात का ते विचारा. रिव्हर स्ट्रीटवर बसून जेवण महाग पडतं, वर ७ टक्के कर आणि १८-२० टक्के टिप. दुपारी बागेतला डबा आणि रात्री एकदाच बसून जेवण, असं ठेवा.

गोडाला मात्र कंजुषी नको. रिव्हर स्ट्रीटवरच्या मिठाईच्या दुकानांत प्रालिन समोरच करतात. साखर, लोणी, साय आणि पिकॅन हा सुकामेवा तांब्याच्या भांड्यात घोटून, डावाने संगमरवरी ओट्यावर गोळे टाकतात. ते कडेने आधी मळकट होत जातात आणि मग चकाकी जाऊन घट्ट बसतात. दारातच गरम तुकडा चाखायला देतात. चव खव्याच्या वडीच्या जवळची, आई-बाबांना हमखास आवडणारी. ब्रॉटन स्ट्रीटवरचं लिओपोल्ड्स हे १९१९ पासूनचं आइस्क्रीमचं दुकान. संध्याकाळी सात ते दहा रांग कोपऱ्यापर्यंत जाते, दुपारी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर दहा मिनिटांत काम होतं.

रविवारी सकाळी उरलेल्या वेळात गाडी घेऊन बोनाव्हेंचर सिमेट्रीला जा. डाउनटाउनपासून पंधरा मिनिटं, विल्मिंग्टन नदीच्या काठावर, सकाळी ८ ते संध्याकाळी ५, प्रवेश फुकट, आणि आत गाडी नेता येते, त्यामुळे ज्यांना चालवत नाही त्यांनाही ओक वृक्षांच्या कमानींखालून फिरता येतं. टायबी बेटावरचा समुद्र एका दिवसात त्याला जोडू नका. समुद्र फुकट असला तरी पार्किंग ताशी आहे आणि उन्हाळ्यातल्या रविवारी परतीचा एकच रस्ता तुंबतो.

मोसमाचा विचार करा. जून ते ऑगस्ट दुपारी ३३-३५ अंश आणि भरपूर दमटपणा, रोज दुपारी गडगडाटी पाऊस येण्याची शक्यता. मार्चअखेर ते एप्रिल अझेलियाच्या फुलांचा बहर, ऑक्टोबर-नोव्हेंबर चालायला सगळ्यात सुखाचे. याच दोन मोसमांत सँड नॅट नावाची बारीक चिलटं संध्याकाळी वारा पडला की डोक्याभोवती घोंगावतात. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि कीटकरोधक बरोबर असू द्या.

परतताना मेकनकडे जाणारा आंतरराज्य १६ हा रस्ता लांबच लांब आणि निर्जन आहे, मध्ये पेट्रोल पंप विरळ. टाकी सव्हाना किंवा पूलरमध्येच भरून घ्या. पुढचा सोयीचा थांबा डब्लिन, तिथे पंप आणि खाण्याची दुकानं रस्त्यालगतच आहेत.